बाराव्या रेघेवरचा गोल

हिराजी गेल्याचं मला पनवेलच्या बाजारात कळलं. सुकी मासळी विकणारी म्हणाली, "तुमचा हिराजी गेला, भाऊ. आठ दिस झालं." तुमचा म्हणाली... आणि मला माझीच किळस आली. दहाव्याला त्याच्या गावी, बेलपाड्याला गेलो, तर मंडळी म्हणत होती, गडी मनाने चांगला, पण कामात ढिला. तो शिक्का त्याच्यावर मीच मारला होता.

चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर. मास्तर लसाविची गणितं घालायचे, दोन घंटा पुन्हा एकदम कधी वाजतील वगैरे. मी रीत घोकायचो. हिराजी पाटीवर रेघा मारून दोन्ही खुणा जिथे जमतील तिथे गोल काढायचा. "गणित आहे की रांगोळी?" मास्तर म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो. पुढे तो मिठागरावर बांधाचा राखणदार झाला आणि मी मॅट्रिक होऊन तिथेच कारकून.

एका उन्हाळ्यात दोन आगरांना एकाच चरातून खाडीचं पाणी द्यायचं ठरलं. एकाची उघाडी, म्हणजे पाण्याचं लाकडी दार, दर चौथ्या दिवशी उघडायची. दुसऱ्याची दर सहाव्या. पहिल्या दिवशी दोन्ही एकदम उघडल्या आणि पाण्याचा सगळा जोर बांधावर आला, तेव्हा दहा गडी बांध धरून होते, म्हणून निभावलं. आता पुन्हा गडी कधी लागतील, मुकादमाने विचारलं. मी चार सक चोवीस केलं आणि चोवीस दिवसांनी, असं कागदावर लिहून दिलं. लसावि काढायचा असतो हे डोक्यातच आलं नाही.

हिराजी कचेरीच्या दारात आला. "वसंता, बारा दिसांनीच दोनी एकदम येतान. मी रेघा मारून बघितलंय. गडी ठेव." मुकादमासमोर चौथी शिकलेला माणूस माझी चूक काढतो... मी म्हणालो, "रेघा घरी मार. इथे शिकलेली माणसं आहेत."

बरोबर बारा दिवसांनी दोन्ही उघाड्या एकदम उघडल्या, भरदुपारी भरती आली, बांधावर हिराजी एकटा. बांध फुटला, काढणीला आलेलं मीठ पाण्यात गेलं. राखणदार झोपला होता, असं मुकादमाने ठरवलं आणि त्याला काढून टाकलं. मी माझा कागद कचेरीमागे चहाच्या चुलीत घातला. इतका हलकटपणा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. हिराजीने माझं नाव कधीच घेतलं नाही. रस्त्यात भेटला की, "बरा हाय ना, वसंता?" त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दहाव्याला त्याच्या बायकोने मला आत नेलं. भिंतीवर कोळशाच्या रेघा. दर चौथ्या रेघेला वर खूण, दर सहाव्या रेघेला खाली, बारावीभोवती गोल. दरवर्षी सारवताना तेवढी जागा तो सोडायला लावायचा. "सांगून ठेवलं होतं, वसंता आला तर दाखव. शिकलेला हाय, बरोबर का नाय ते सांगल."

"बरोबर आहे," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं सांगा, भाऊ. बाहेर पोरगा बसलाय. बाप झोपला होता, असंच ऐकत तो मोठा झाला."

बाहेर आलो. मंडळी बसलेली, पोरगा माझ्याकडे बघत होता... मी चपला घातल्या आणि निघालो.

हे सगळं मी पेपरच्या रविवार पुरवणीसाठी लिहिलंय, ते छापून आलं की मी बेलपाड्याला जाणार आहे. त्या भिंतीपाशी उभं राहून पोराला हे वाचून दाखवायचं आहे, मोठ्याने.