अक्कांच्या हातचे बिबडे

बोलता बोलता अक्का एकदम थांबायच्या. उजव्या हाताचं बोट वर, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. मग दातांतून हळूच, "फाटक पडनं वं माय."

आता समोरच्याने गप्प राहायचं. अक्कांच्या पोटातून मळमळीची मालगाडी चाललेली असायची. ती लांबलचक निघाली तर भाजीवालासुद्धा मेथीची जुडी हातात धरून ताटकळायचा. गाडी गेली की पदराने ओठ टिपून अक्का म्हणायच्या, "उघडनं." आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच सांधायच्या, "...आन् तीच साडी नेसीसन ती मन्हाच समोर मिरवनी!"

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. त्याचं दुखणं इतकं जुनं असतं की सगळ्यांना तो त्याचा स्वभावच वाटू लागतो.

मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीत अक्का माझ्यापासून दोन घरं सोडून राहायच्या. माहेर शिरपूरकडचं. नवरा डाळ मिलमध्ये होता, तो गेल्यावर एकट्याच. एकुलती लेक धुळ्याला दिलेली. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि विज्ञान शिकवणाऱ्या बाईला जगातलं सगळं समजतं, अशी माझी पक्की खात्री होती. अंबाडा उंच, पर्स मोठी, ज्ञान पर्सपेक्षाही मोठं. आज ती बाई माझ्या दारात आली असती तर मी कडी लावून घेतली असती. तिने अक्कांना पाहिलं आणि उभ्या उभ्या निदान केलं: पित्त.

मग काय, मी आलेपाक नेला, आवळा सुपारी नेली, कोकमाचं सरबत नेलं. मासिकातली कात्रणं वाचून दाखवली. अक्का सगळं निमूट घ्यायच्या. एकदा मी अगदी डॉक्टरच्या थाटात विचारलं, "काय अक्का, गुण आला ना?"

"तुमना आलेपाक भारी शे बाई," त्या म्हणाल्या. "जाताना तिखट, येताना बी तितलाच तिखट."

अक्का जगायच्या त्या कोरड्या मुरमुऱ्यांवर, गार भाकरीवर आणि नाकाशी धरलेल्या लिंबावर. शेवभाजीच्या हॉटेलावरून जायचं तर रस्ता बदलायच्या. धुळ्याच्या एसटीत खिडकी मिळाली नाही तर पुढची गाडी बघायच्या. अंग वाळत चाललं होतं. समोरच्या वहिनींनी, ज्यांची गच्ची गल्लीत सगळ्यांत मोठी म्हणून त्यांना आम्ही गच्चीवाल्या म्हणायचो, एकदा चारचौघींत विचारलं, "काय हो अक्का, या वयात डोहाळे का?"

"हो ना माय. बारसाले येज्यो. येताना झबलं आनज्यो."

बायका हसल्या. अक्काही हसल्या, आणि हसता हसता त्यांचं बोट वर गेलं.

उन्हाळा आला की मात्र हीच बाई गल्लीची मालकीण व्हायची. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे करतात. ज्वारी भिजत घालायची, कांडायची, दळायची, मग तीळ, लसूण, मिरची घालून भल्यामोठ्या पातेल्यात पीठ शिजवायचं. तो घाटा. गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने पातळ थापायचा आणि उन्हात वाळवायचा. दरवर्षी गच्चीवाल्यांच्या गच्चीवर सगळ्या गल्लीचे बिबडे एकत्र व्हायचे. रिवाज असा की घाट्याचा पहिला गोळा अक्कांच्या तळहातावर. त्या चाखणार, मीठ सांगणार, आणि मग त्याच हाताने एकेकीला वाटीत घाटा वाढणार, वर कच्चं तेल. तो खाल्ल्याशिवाय कुणी कापडाला हात लावायची नाही.

विचार करा, जिला फोडणीच्या वासाने भडभडून यायचं ती बाई त्या वाफेत तोंड घालून उभी. दोनदा तीनदा फाटक पडायचं, कठड्याशी जाऊन यायच्या, चूळ भरून परत घाटा ढवळायचा दांडा धरायच्या. मी म्हणायचे, "अक्का, कशाला जीव काढता?" तर म्हणायच्या, "वरीसभर मन्हा पोटमा काय टिकत नही. हाई एक काम टिकेल शे."

माझे बिबडे म्हणाल तर ते वाळण्याआधीच फाटायचे. अक्का ते उन्हाकडे धरून त्यातून गच्चीभर बायकांना बघायच्या. "बाईसना बिबडा चाळनीले बी चाली."

मग मोतीबिंदू आला. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं आणि त्यात निघालं, हिपॅटायटिस सी. सी प्रकारची कावीळ, कैक वर्षं अंगात मुरलेली. डॉक्टरांनी विचारलं, कधी रक्त चढवलं होतं का? अक्कांना आठवलं. लेकीच्या वेळी अडल्या होत्या, रक्त फार गेलं होतं, कुणाच्या तरी बाटल्या चढवल्या होत्या. तेव्हा रक्त या आजारासाठी तपासत नसत. बरोबर मी होते. आमच्या पित्ताची त्या दिवशी उत्तरक्रिया झाली.

दवाखान्याच्या बाकावर अक्का टेकल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "कसानी कावीळ ते पोरले सांगा. पन तिना येळले लागनी ते सांगू नका. ती सोताले खाई लेई."

सरकारी दवाखान्यातून तीन महिने गोळ्या मिळाल्या. जंतू गेला, तसा कागदही आला. पण डॉक्टर म्हणाले, यकृत बरंच निकामी करून गेलाय, मळमळ राहणार. एका ताटात जेवल्याने, हातचं खाल्ल्याने हा आजार कधीच लागत नव्हता, आता तर प्रश्नच नाही, हेही ते म्हणाले. ते ऐकलं आम्ही दोघींनी. गल्लीपर्यंत पोचला तो एकच शब्द: लागट.

कुणी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. हळदीकुंकवाला सगळ्यांना चिनी मातीच्या कपात चहा, अक्कांना कागदी पेला. अक्कांनी तो गोल फिरवून पाहिला. "मन्हा कोरा करकरीत. तुमना मातर रोजना उष्टा." त्या हसल्या. या वेळी कुणी हसलं नाही.

आणि त्या उन्हाळ्यात गच्चीवर अक्कांना न सांगता घाटा चढला. जिला वासाचा त्रास तिच्यापासून वास लपवणार होत्या बायका! अक्का पदर खोचूनच जिना चढून आल्या. गच्चीवाल्या पुढे झाल्या, आवाजात साखर.

"तुम्ही बसा अक्का सावलीत. तुम्हाला त्रास होतो ना वाफेचा."

"तरास माले व्हस," अक्का म्हणाल्या, "तुमले काबर व्हस?"

त्यांनी दांड्याला लागलेला घाटा बोटावर घेतला, चाखला. "मीठ कमी शे." कुणी मिठाचा डबा उचलला नाही. मी भाषण ठोकलं. विषाणू, रक्त, यकृत, आठवीच्या वर्गाला शिकवावं तसं. एकीने मला लिंबू पाणी आणून दिलं. तोवर गच्चीवाल्यांनी कामवालीला खूण केली, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते अख्खं पातेलं खाली गाईपुढे रिकामं झालं. पातेलं राखेने घासलं, मग चिंचेने, मग पुन्हा राखेने. गाय आवडीने खात होती. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

अक्का शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. जिना उतरताना म्हणाल्या, "ज्वारी चांगली व्हती."

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे विरजण मागायला येणाऱ्या बायका बंद झाल्या. दही माझं आधीही आंबटच लागायचं म्हणा.

त्या वर्षी आम्ही दोघींनीच माझ्या गच्चीवर बिबडे केले. माझी गच्ची म्हणजे टाकी ठेवून उरलेली जागा. अक्कांच्या पायांना सूज, पोट फुगलेलं, हात काडीसारखे. घाटा चाखायला घेतला आणि तोंडाशी नेऊन तसाच खाली ठेवला. "चाखा बाई तुम्हीच," म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी चाखून मीठ ठीक आहे म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आणखी अर्धी मूठ टाकली. एवढे कशाला करता विचारलं तर म्हणाल्या, "गल्ली मोठी शे. कधी ना कधी मागतीन."

कुणी मागितले नाहीत. पावसाळ्यात लेक त्यांना धुळ्याला घेऊन गेली, आणि तिकडेच अक्का गेल्या.

उत्तरकार्य मात्र लेकीने मेहरूणच्या घरी केलं. सगळी गल्ली आली. गेलेल्या माणसाच्या घरी पंगतीला नाही म्हणत नाहीत. जिच्या हयातीत उंबऱ्यावर पाय ठेवायला बायका कचरायच्या, तिच्या ओसरीवर मांडीला मांडी लावून पंगत बसली. "फार प्रेमळ बाई," गच्चीवाल्या मला म्हणाल्या. "हातात अन्नपूर्णा होती हो." मी वरणाचा भुरका मारला. उत्तर द्यायला तोंड रिकामं नको होतं.

लेक तळलेल्या बिबड्यांची परात घेऊन आली. कुरकुरीत, तिळाचे, उन्हाकडे धरावेत असे पातळ. बायकांनी दोन दोन घेतले. गच्चीवाल्यांनी तिसरा मागून घेतला आणि कौतुकाने विचारलं, "कुठून आणले गं? विकतचे असे नसतात."

"विकतचे नाहीत काकू," लेक म्हणाली. गल्लीत काय झालं ते तिला काहीच माहीत नव्हतं, ती खुलून सांगत होती. "आईच्याच हातचे. डबा भरून ठेवून गेली, म्हणायची गल्लीला लागतील."

पंगतीत कुडुम कुडुम चाललं होतं ते थांबलं. कुणाला ठसका लागला. एक जण मळमळतंय म्हणून उठलीच. बाकीच्या खाली मान घालून भात कालवू लागल्या. लेक शेवटच्या पानापर्यंत वाढत गेली.

पंगत उठल्यावर पत्रावळ्या उचलायला मी वाकले. जिलबी संपलेली होती, भात संपलेला होता. पत्रावळ्यांच्या कडेखाली दडवलेले बिबडे होते, काहींचे दोन घास खाऊन झालेले. लेक बादली घेऊन मागून येत होती. मी भराभर पुढे सरकत एकेक पत्रावळ आतल्या अंगाला दुमडत गेले.