तेल पाजलेली काडतुसं

सोलापुरात एका सराफाच्या पेढीच्या दारात मी बावीस वर्षं बसलोय. कमरेला पट्टा, पट्ट्यात माझ्या लायसनचं रिव्हॉल्व्हर. शाळा चौथीत सुटली, पण हत्यारातलं मला कुणी शिकवावं असं मला कधी वाटलं नाही. आजही फारसं वाटत नाही. एक बाई सोडून.

नेमाविषयी मी बोलतच नसे. बोलायचो ते काडतुसांविषयी. माझ्याकडं सहा विलायती काडतुसं होती, दुकानदाराच्या मागं लागून घेतलेली, लायसनवर रीतसर चढवलेली. पिवळंधमक पितळ, हातात घेतली की जड लागायची. शेजारच्या बँकेचा राखणदार देशी काडतुसं बाळगायचा. चहाच्या गाड्यावर आमचं रोज जुंपायचं. त्याच्या मळकट शिशाच्या गोळ्यांनी चोराला फार तर खरूज होईल, असं मी त्याला म्हणायचो. दोघांपैकी कुणी शेवटची गोळी कधी झाडली होती, हे मात्र एकमेकांना विचारत नव्हतो.

दसऱ्याला मी हत्यार पुजतो. सहाही काडतुसं पाटावर उभी करायची, गोडेतेलाचं बोट फिरवायचं, हळदकुंकू वाहायचं, रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी डबीत. असे अकरा दसरे झाले. एकही काडतूस झाडलं नव्हतं. एवढी भारी चीज मातीत कोण घालवणार?

मागल्या हिवाळ्यात शेठनी सांगितलं की आता नेम दाखवावा लागेल. पंधरा पावलांवरून सहा गोळ्या, त्यातल्या चार कागदावर लागल्या पाहिजेत. नाहीतर पट्टा उतरवायचा आणि दारात काठी घेऊन बसायचं. काठी! रस्त्यानं जाणारी माणसं बावीस वर्षं माझ्या पट्ट्याकडं बघून बाजूनं जातात. त्यांच्यासमोर काठी घेऊन बसण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं मी बायकोला सांगून टाकलं.

नेमबाजीचं मैदान चिंचोळी एमआयडीसीच्या पलीकडं, एक टेकाड खणून केलेलं. शिकवायला एक बाई होती. चाळिशीची, जेऊरकडची, पोलिसातली नोकरी सोडून आलेली. मी तिला नमस्कारही धड केला नाही. डबी उघडून पुढं केली, म्हणजे आपण कुणाशी बोलतोय ते तिला कळावं.

तिनं एक काडतूस नाकाशी धरलं.

"काका, ह्याला वास कशाचा येतोय?"

"गोडेतेलाचा. दसऱ्याला पुजतो की."

ती हसली नाही. झाडा, एवढंच म्हणाली.

मी चाप ओढला. टक्. नुसतंच टक्. काय झालं ते बघायला मी नळी स्वतःकडं वळवायला लागलो, तर तिनं माझं मनगट धरलं. पकड अशी की हाडापर्यंत कळली.

"समोरच धरा. कवा कवा उशिरानं उडतंय."

तिनं ओठातल्या ओठात तीसपर्यंत आकडे मोजले, तोवर मनगट सोडलं नाही. मग दुसरं. तेही टक्. सहातली दोनच उडाली आणि दोन्ही कागदाच्या वरून टेकाडात गेली. तेल काडतुसाच्या बुडाच्या टिकलीत मुरलं होतं, आतली दारू मेली होती. अकरा वर्षं मी ज्यांची पूजा करत होतो, त्यांना माझ्याच हातानं मारत होतो.

तरी मी गप्प बसलो नाही. दोन उडाली त्यांचं काय, तर हत्यारच वर मारतंय म्हणालो.

"द्या हिकडं."

तिनं पुठ्ठ्याच्या खोक्यात न बघता हात घातला आणि सहा काडतुसं काढली. तीच देशी, मळकट शिशाची. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये भरली, उभी राहिली आणि झाडली. घाई नाही, थांबणं नाही. भाकरी थापताना बाईचं तोंड जसं असतं, तसं तिचं तोंड होतं. मग मी कागदापाशी गेलो. सहा भोकं. वर माझा पंजा ठेवला तर सगळी झाकली गेली.

मी पंजा उचलला, परत ठेवला. माझंच हत्यार. माझी कंबर बावीस वर्षं जे वागवत होती, त्याच्या पोटात हे होतं आणि मला पत्ता नव्हता. अंगावर काटा आला. देवळातसुद्धा मला असं कधी झालं नव्हतं.

"काका, शिसं कसलं का असंना," ती म्हणाली. "तुमी चाप दाबत न्हाई, वडताय."

तिनं मला महिना दिला. हत्यार रिकामं करायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, मग नळीवर चिंचोका ठेवायचा आणि चाप दाबायचा. चिंचोका पडता कामा नये. मी रोज दुपारी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून उभा राहायचो. पहिले आठ दिवस चिंचोका काही राहिना. बायको ज्वारी निवडत म्हणायची, "ह्या वयात चिंचोकं खेळताय व्हय? गडी तर कुणी दिसंना." मी उत्तर देत नव्हतो, कारण बोललो की पडायचा. तीन आठवड्यांनी एका दुपारी घोडा पडला आणि चिंचोका जागेवर राहिला. तिला हाक मारून दाखवलं. ती सूप खाली ठेवून बघत राहिली.

परीक्षेला मीही खोक्यात न बघता हात घातला. पहिली गोळी गेली बाहेर. दुसरीही. आता चारच उरल्या होत्या आणि चारही लागायला हव्या होत्या. काठी डोळ्यांपुढं आली. मग नळीवर चिंचोका आहे असं धरलं आणि दाबत गेलो. चारही लागल्या, चुकार शेरडांसारख्या चार कोपऱ्यांत. बाईनं सही केली. मी तिचा तो सहा भोकांचा कागद मागून घेतला.

पट्टा अजून कमरेला आहे. विलायती पितळ दिसायला देखणं असतं, हे मी बँकेच्या राखणदाराला अजून सांगतो आणि सांगणार. पण यंदा दसऱ्याला काडतुसं कुलपातच राहिली. पाटावर रिकामं हत्यार ठेवलं, मागं तो कागद उभा केला. तेलाचं बोट चिंचोक्याला लावलं.