रोस्टरवरचं पहिलं नाव

आमची कंपनी त्या पोस्टवर पोहोचली तेव्हा बागांमधली सफरचंदं उतरवून झाली होती. उत्तरेकडचा डोंगराळ भाग. खाली रस्ता, वर आमची पोस्ट. मी तेव्हा प्लाटून हवालदार होतो. गाव तेल्हारा, जिल्हा अकोला. प्लाटूनमध्ये आमच्याकडचा आणखी एकच माणूस होता. नाईक रफिक शेख, अकोटचा. ड्यूटीवर तो मला ‘हवालदारसाब’ म्हणायचा. दोघंच असलो की ‘प्रल्हादभाऊ’. मग आम्ही आमच्या वऱ्हाडीत बोलायचो आणि बाकीचे आमच्याकडे बघत बसायचे.

आमचं काम रोड ओपनिंगचं. सैन्याच्या गाड्यांचा ताफा जाण्याआधी रस्ता तपासून द्यायचा, कुठे सुरुंग पेरलेला नाही याची खात्री करायची. सकाळी साडेपाचला पोस्ट सोडायची. चार किलोमीटरचा तुकडा आमच्याकडे होता. सगळ्यात पुढे मेटल डिटेक्टरवाला, कानांवर हेडफोन. त्याच्यामागे चाळीस पावलांवर मी आणि रेडिओ ऑपरेटर. दोन्ही अंगांना कव्हर देणारे जवान. रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी सात मोऱ्या होत्या. प्रत्येक मोरीपाशी थांबायचं, खाली उतरायचं आणि दोन्ही तोंडांतून आत पाहायचं, असा नियम होता. नऊच्या आत ‘रोड क्लियर’ असा रिपोर्ट गेला की ताफा सुटायचा.

संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं रोस्टर मी लिहायचो. ज्याचं नाव पहिलं, तो डिटेक्टर घेऊन सर्वांत पुढे. सुरुवातीला दोन ट्रेन्ड माणसं होती, त्यांतला एक रफिक. दुसऱ्याचा गुडघा गेला आणि तो बेस हॉस्पिटलला पाठवला गेला. बदली माणूस आला, पण कच्चा होता. मी रफिकचं नाव लिहीत गेलो. आठवड्यातले सातही दिवस.

त्याचा हात फार चांगला होता. पहिल्या दोन महिन्यांत त्याने दोनदा माल, म्हणजे सुरुंग, शोधून काढला. एकदा मोरीच्या तोंडाशी पुरलेला, एकदा दगडांच्या ढिगाखाली. कंपनी कमांडरने शाबासकी दिली. तेव्हा तो सगळ्यांना हसवायचा. अकोटच्या स्टँडवरच्या कंडक्टरांच्या आवाजात गावांची नावं घ्यायचा.

तिसऱ्या महिन्यात ते थांबलं. नक्की कधी थांबलं हे मला सांगता येत नाही. एक दिवस लक्षात आलं की लंगरमध्ये जेवताना बरेच दिवस कुणी हसलेलं नाही.

त्याची रजा मंजूर झाली होती. मी त्याला बाजूला घेतलं.

“रफिक, नवीन माणूस अजून तयार नाही. पंधरा दिवस थांबशील?”

“थांबतो भाऊ.”

पंधरा दिवसांनी त्याने रजेचं विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. महिन्याने सुभेदारसाहेबांनी स्वतः त्याला विचारलं, तेव्हा म्हणाला, “नहीं साब, ठीक है.” साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “सोना जवान है.” मला अभिमान वाटला.

जेवताना तो उभाच असायचा. आठवड्यातून एकदा फोनची पाळी यायची, ती दुसऱ्याला देऊन टाकायचा. एका सकाळी शंभर मीटरचा एकच तुकडा त्याने दोनदा तपासला. मी विचारलं तर म्हणाला, केला होता का आधी? मला वाटलं, जास्त काळजी घेतोय.

एकदा मोजे वाळत घालताना मी म्हणालो, “झोप होऊन राहिली ना तुही?”

“झोपतो ना भाऊ. उठलो का असं वाटते, झोपलोच नोतो.”

“भेव वाटते काय?”

त्याने थोडा विचार केला. “नाही. तेच सांगून राहिलो. मले काहीच वाटून नाही राहिलं. पयले मोरीत वाकलो का पोटात गोळा ये. आता नाही येत.”

मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि वाघ आहेस म्हणालो. तो मोजे पिळत राहिला.

तो दिवस मंगळवार होता. पोस्ट साडेपाचला सोडली. थंडी होती, धुकं नव्हतं, रस्ता स्वच्छ दिसत होता. पहिल्या चार मोऱ्या नियमाप्रमाणे झाल्या. सहा पन्नासला रेडिओवर विचारणा आली.

“चार्ली वन, पोझिशन बताओ. ओव्हर.”

“चार नंबर कल्व्हर्ट क्लियर. आगे बढ रहे हैं. ओव्हर.”

पाचव्या मोरीच्या अलीकडे रस्त्याला वळण आहे. वळण घेतल्यावर मला रफिक पाठमोरा दिसला. डिटेक्टर हातात होता, डावीकडून उजवीकडे फिरत होता. हेडफोन मात्र गळ्यात होते, कानांवर नव्हते. हे मी पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं आणि मनात आलं, रफिक आहे, त्याला कळतं. तो मोरीपाशी थांबला नाही. खाली उतरला नाही. सरळ चालत गेला.

सात वाजून चार मिनिटांनी स्फोट झाला.

मी उठलो तेव्हा कानात एकच सूर होता. मी रेडिओ हातात घेतला. “चार्ली वन. कल्व्हर्ट पाच पर ब्लास्ट. कॉन्व्हॉय रोको. एक कॅज्युअल्टी. ओव्हर.” माझा आवाज शांत होता असं नंतर ऑपरेटरने सांगितलं. ताफा थांबला. त्यातल्या कुणाला ओरखडाही आला नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. रोस्टर टेबलावर आलं. त्यात नियमाविरुद्ध काही नव्हतं. मला विचारलं, जवानाची तब्येत कशी होती? मी सांगितलं, “ठीक था, साब.”

पार्थिवासोबत मीच आलो. अकोटला माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती. जनाजा झाला, सलामी झाली. त्याची बायको शबाना आतल्या खोलीत होती. तिने दारातून एकच विचारलं.

“भाऊ, ते कसे होते तिथं?”

“लय खूश होता,” मी म्हणालो. “साऱ्यायले हसवत राहे. शेवटलोक.”

तिने मान हलवली. मला वाटलं, मी तिला धीर दिला.

त्याला आता चौदा वर्षं होतील. पुढे मी नायब सुभेदार झालो आणि निवृत्त झालो. अमरावतीला घर केलं. राजापेठेत शिकवण्यांच्या क्लासेसची एक पाच मजली इमारत आहे. तिथे सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. सकाळी सहापासून ट्युशनला येणाऱ्यांच्या गाड्या लागतात. गार्ड टिकत नव्हते. कुणी आला नाही की रोस्टरवर मी माझं नाव लिहायचो. मग रोजच लिहायला लागलो. साप्ताहिक सुट्टी सोडली. चौदा तास, कधी सोळा. मालक म्हणायचे, फौजी माणूस, काही बघावं लागत नाही.

दीड वर्ष हे चाललं. घरी जाताना स्कूटर कोणत्या रस्त्याने आली ते आठवायचं नाही. नातीचा वाढदिवस झाला, मी तिथे होतो, फोटोत आहे, पण मला तो आठवत नाही. माझी बायको सुनंदा एकदा म्हणाली, “तुमी घरी येता, पन आल्यासारखे वाटत नाही.” मी म्हणालो, थकलोय, झोपलो की ठीक होईल. मी झोपायचो. ठीक होत नव्हतं.

एका दुपारी चारच्या सुमारास मी खाली पॅनेलसमोर बसलो होतो. तिसऱ्या मजल्याचा लाल दिवा लागला. फायर अलार्म. मी त्याच्याकडे बघत होतो. लाल आहे, हे कळत होतं. वर दोनशे मुलं-मुली बसली आहेत, हेही कळत होतं. आत काहीच हललं नाही. हात मांडीवर होते, तिथेच राहिले.

वंदनाताई तायडे गेटवरच्या गार्ड. धुराचा वास त्यांना आला. त्या धावत आत आल्या.

“सर, तुमी काहून बसून राहिले?”

त्यांनी भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर काढला आणि जिना चढल्या. जिन्यातल्या मीटर बॉक्समध्ये शॉर्टसर्किट झालं होतं. पाच मिनिटांत विझलं. मुलं रांगेत खाली आली. कुणाला काही झालं नाही. मी मात्र त्या खुर्चीवरच होतो. वंदनाताईंनी परत येऊन माझ्या खांद्याला हात लावला, तेव्हा मी स्वतःला बोलताना ऐकलं.

“मले काहीच वाटून नाही राहिलं.”

हे वाक्य माझं नव्हतं. कुणाचं होतं ते त्याच क्षणी कळलं. त्या दिवशी मी मालकांना सांगून काम सोडलं.

माजी सैनिकांच्या दवाखान्यात एक डॉक्टर होत्या, स्वतः आर्मीतून मेजर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी रक्तदाब पाहिला, रक्त तपासलं, मग पेन खाली ठेवलं.

“शेवटची भीती कधी वाटली तुम्हाला?”

“आठवत नाही, मॅडम.”

“राग? आनंद?”

“नाही.”

त्या म्हणाल्या, “याला बर्नआउट म्हणतात. साधा थकवा झोपेने जातो, हा जात नाही. आधी माणूस गरजेपेक्षा जास्त काम करतो, आणि सगळे त्याचं कौतुक करतात. मग तो माणसांपासून तुटतो. मग त्याला काही वाटेनासं होतं. त्यानंतर चुका होतात. हा भेकडपणा नाही आणि शूरपणाही नाही. माणूस आतून संपत आलेला असतो.”

त्या एकेक सांगत होत्या आणि मला समोर उभ्याने जेवणारा रफिक दिसत होता.

“मॅडम, हे मी आधी पाहिलंय,” मी म्हणालो. मग पाचव्या मोरीचं सगळं सांगितलं. कोर्टात सांगितलं नव्हतं ते. हेडफोनचंही. त्यांनी मधे टोकलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, “हे सांगायचं अजून कुणाला राहिलंय का?”

मी तीन महिने तेल्हाऱ्याला धाकट्या भावाच्या शेतावर राहिलो. सोबत गोळ्या होत्या. दर मंगळवारी अकोल्याला समुपदेशकाकडे जायचं. डॉक्टरांनी वेळापत्रक करायला बंदी केली होती, तेच सगळ्यात जड गेलं. पहिले वीस दिवस नुसता पडून होतो. मग झोप उलट बिघडली. स्फोटाचा आवाज बारा वर्षांत स्वप्नात आला नव्हता, तो आता यायला लागला. समुपदेशक म्हणाले, येऊ द्या. कापूस वेचणीला आला होता. मी बायांच्या मागे एक ओळ वेचायचो आणि बांधावर बसायचो. पूर्वी एवढ्याने लाज वाटली असती. दुसऱ्या महिन्यात मोटारपंपाच्या स्टार्टरवरून मी भावावर ओरडलो. तो चिडला नाही. वहिनीला म्हणाला, “आज दादाले राग आला.” ती हसली.

डिसेंबरात एका सकाळी मी अकोटची एसटी धरली. वाटेत एका मोरीवर गाडी हळू झाली आणि माझ्या तळहातांना घाम सुटला. पोटात गोळा आला. पुढच्या सीटचा दांडा मी दोन्ही हातांनी धरला. बरोबरच्या माणसाने विचारलं, बरं नाही का? मी म्हणालो, भेव वाटलं. मला बऱ्याच वर्षांनी भीती वाटली होती आणि ती गेली नाही तरी चालेल असं वाटत होतं.

शबाना आता शिवणकाम करते. घर तेच आहे. मुलगी नागपूरला नर्सिंगला आहे. मी मशीनजवळच्या खुर्चीवर बसलो आणि सरळ सांगितलं. तो खूश नव्हता. चार महिने हसला नव्हता. रजा मी थांबवली होती. मोरीवर काय झालं ते सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं.

तिने मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं होतं.

“रोज त्यायचंच नाव लिवत होते तुमी?”

“हो.”

“अन् फोन? फोन काहून करत नोते?”

“कोनालेच करत नोता. त्याची पाळी आली का दुसऱ्याले देऊन टाके.”

बाहेर कुणीतरी भाजी विकत गेलं.

“तुमी सांगतलं होतं, साऱ्यायले हसवत होते,” ती म्हणाली. “मी बारा वर्स हेच धरून बसली. तिथं हसत होते, अन् माह्यासंग दोन शब्द बोलाले जड होत होते. मले वाटे, मीच नको झाली होती त्यायले. पोरीलेही कधी सांगतलं नाही मी हे.”

तिने मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, “पयल्या दिवसापासून सांगा. काय खात होते, काय बोलत होते. सारं.”

मी सांगत गेलो. पहिले दोन महिने सांगताना ती दोनदा हसली. नंतरचे महिने सांगताना तिने कापड उचलून मांडीवर घेतलं आणि त्याच्या कडा सरळ करत राहिली. दुपारच्या नमाजाची वेळ टळून गेली. शेवटची तेल्हारा गाडी मला चुकली.

आता मी परत त्याच इमारतीत आठवड्यातून चार दिवस, दिवसाचे सहा तास काम करतो. रोस्टर वंदनाताई लिहितात. कुणी सुट्टी मागितली नाही तर त्या विचारतात, काहून नाही मागितली. बरं वाटतं, रोज नाही. दर वर्षी एकदा अकोटला जातो. कब्रस्तानात शबानाची मुलगी येते, एक चाफ्याचं रोप तिने लावलंय. ती वडिलांबद्दल विचारते आणि मी जे पाहिलं ते सांगतो, काही लपवत नाही.

नाईक रफिक शेख, राहणार अकोट, वय एकोणतीस. गोड खायचा. उंचीची भीती होती, पाण्याची नव्हती. त्याने दोन सुरुंग शोधून काढल्यामुळे त्या वर्षी दीडशेहून जास्त माणसं सुखरूप घरी गेली. माझ्या प्लाटूनमधला तो सगळ्यात चांगला माणूस होता. म्हणून मी त्याला रोज पुढे पाठवलं.