व्यवस्थापनाचे सहावे कार्य

व्यवस्थापनाची कार्ये पाच आहेत. ती सहा आहेत, असे रत्नागिरीतील एका महाविद्यालयात काही काळ मानले जात होते, आणि त्यास सर्वस्वी मी जबाबदार आहे.

माझी नात शर्वरी पदवीच्या पहिल्या वर्षाला व्यवस्थापन शिकते. (आमच्या घराण्यात कुणी वेद शिकले, कुणी ज्योतिष शिकले, एकजण तर तबलाही शिकला, पण दुसऱ्याकडून काम कसे करवून घ्यावे, हे पैसे भरून शिकावे लागते, हे आमच्या घरातील स्त्रियांना अद्याप पटलेले नाही.) विषय अगदी प्राथमिक, ‘व्यवस्थापनाची तत्त्वे’. त्यातच तिला केटी लागली, म्हणजे विषय राहिला. तिच्या बापाने, म्हणजे आमच्या श्रीधरने, जेवणाच्या ताटावरच निवाडा दिला.

“या वेळी तोंडी परीक्षेत सुटलीस, तर पावसच्या बागेतला मांगर तुझा. तिथे तुझा आंबापोळीचा धंदा खुशाल मांड. नाही सुटलीस, तर मी त्यात आंब्याच्या पेट्या भरणार.”

मांगर म्हणजे बागेतली अवजारे ठेवायची कौलारू खोपी. पण शर्वरीचे सारे चित्त त्या खोपीत होते. कुठल्या खिडकीखाली आमरसाची ताटे वाळत घालायची, हेसुद्धा तिने ठरवून ठेवले होते. ती रडवेल्या तोंडाने पुस्तक घेऊन माझ्या पुढ्यात येऊन बसली.

मी म्हणालो, “अगो, पुस्तक मीट आधी. विद्या कागदातून येत नाही, मुखातून येते. मी तुला संथा देतो.”

“आजोबा, हा मॅनेजमेंटचा विषय आहे. रुद्र नाही!”

“म्हणूनच लवकर होईल.”

संथेची रीत सोपी आहे. गुरूने चरण एकदा म्हणायचा, शिष्याने तो दोनदा म्हणायचा, आणि मान स्वराबरोबर हलवायची. अर्थ विचारायचा नाही. अर्थ मागाहून सावकाश येतो. (काहींना तो पन्नाशीनंतर आला. काहींना आलाच नाही. ते उत्तम पुरोहित झाले.) आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवून मी अर्ध्या रत्नागिरीच्या माना हलवल्या आहेत. पाच इंग्रजी शब्दांचा पाड तो काय?

मी त्या पाच कार्यांचा अनुष्टुभ् बांधावयास घेतला. ‘नियोजनं संघटनं नियुक्तिश्च निदेशनम्’ येथवर सरस्वती प्रसन्न होती. पुढे ‘नियन्त्रणं’ म्हटले आणि कार्ये संपली! आठ अक्षरांच्या चरणात चार अक्षरांची जागा रिकामी. अशा वेळी आम्ही संस्कृतज्ञ च, वै, तु, हि असे बिनकामाचे शब्द भरतो. त्यांना पादपूरण म्हणतात. अर्थ काही नाही, नुसती जागा धरून बसायचे. पण ‘नियन्त्रणं च वै तु हि’ हा श्लोक नव्हे, ही उचकी झाली! तेवढ्यात देवघरातून साजूक तुपात परतलेल्या शिऱ्याचा गंध आला, आणि मला शब्द स्फुरला.

नियन्त्रणं प्रसादश्च षड्विधं कर्म कीर्तितम् ॥

काय सुबक चरण बसला! प्रसादाशिवाय कोणतेही कार्य सिद्धीस गेल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. कार्ये सहा झाली, हा तपशील छंदाच्या आनंदात मागे पडला. शर्वरीला तो सांगायचा राहूनच गेला.

संथा सुरू झाली. मी एकदा, ती दोनदा. पहिल्याच दिवशी चुलीवरचे दूध उतू गेले, कारण मी सौभाग्यवतींना नुकतेच त्या पुस्तकातले एक तत्त्व समजावले होते की, एका माणसाने एकाच वरिष्ठाचा हुकूम मानावा.

“अहो, दूध उतू जात होतं, तर तुम्ही समोर बसून काय करत होतात?” त्या धावत येऊन ओरडल्या.

“तुझ्याकडून आज्ञा आली नाही.”

“पन्नास वर्षं आज्ञा देत्येय, ती कधी ऐकलीत नाही. आणि आजच बरी वाट पाहिलीत! शिंचं ते पुस्तक बंबात घालते आता!”

पुस्तक वाचले, कारण बंब केव्हाच जाऊन तिथे गीझर आला आहे. इकडे शर्वरीने माझी संथा फोनवर टिपून वर्गाच्या ग्रुपवर टाकली. आठवडाभरात मारुती मंदिराच्या चौकात दुचाकीवर टेकलेली तरुण पोरे ‘नियोजनं संघटनं’ म्हणत माना हलवू लागली. मी भाजी आणावयास गेलो असता ते पाहिले आणि मला गहिवरून आले. देववाणीचे पुनरुज्जीवन म्हणतात ते हेच, अशी माझी खात्री झाली.

परीक्षेच्या दिवशी शर्वरीच्या तळहातावर दही घालून मी स्वतः तिला रिक्षाने महाविद्यालयात नेले, आणि परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर जप करीत बसलो. उकाड्यामुळे खिडकी सताड उघडी होती. आत दोन परीक्षक होते. एक पुण्याहून आलेल्या बाई, आणि दुसरे महाविद्यालयाचेच प्राध्यापक सुर्वे, माझे शाळेतले जुने विद्यार्थी. मुले एकेक करून आत जात होती, आणि प्रत्येकाच्या मुखातून माझा श्लोक बाहेर येत होता. माझा जप थांबला. कान तृप्त होत होते.

एवढ्यात बाईंचा आवाज आला. “सुर्वे सर, हा चौथा मुलगा! फंक्शन्स पाच असतात. हे प्रसाद कोणत्या पुस्तकातून आलंय?”

तो चौथा मुलगा घामाघूम होऊन बाहेर आला. “आजोबा, तुमची संथा ऐकूनच आलोय. सहावं कुठल्या चॅप्टरला आहे हो?”

“कुठल्याच नाही, बाळा. ते मी घातलं.”

“का?”

“चार अक्षरं कमी पडत होती.”

त्या मुलाने माझ्याकडे जे पाहिले, ते मी या जन्मी विसरणार नाही! आणि पुढचा क्रमांक शर्वरीचाच होता. ती दारात पोचलीसुद्धा होती. परीक्षेत ओरडावे कसे? मी उठलो, उजवा हात उंच केला आणि पाची बोटे ताठ पसरून तिला दाखवली. पाच, पाच, पाच!

शर्वरीने तो आशीर्वाद समजून भक्तिभावाने वाकून नमस्कार केला, आणि ती आत गेली.

(सत्तरी ओलांडलेल्या, गंध लावलेल्या माणसाने पंजा उंचावला की समोरचा वाकतोच. या एका सोयीचा मला आयुष्यात प्रथमच जाच झाला.)

“हं, सांग. फंक्शन्स ऑफ मॅनेजमेंट?” बाईंनी विचारले.

शर्वरीने डोळे मिटले, मान सरळ केली आणि पहिला चरण खणखणीत म्हटला. तोच आतून घोगरा पुरुषी आवाज उमटला, “नियोजनं संघटनं... नियोजनं संघटनं.” सुर्वे! बिचाऱ्याला आठवीत लागलेली सवय. एकदा ऐकले की दोनदा म्हणायचे!

“सर, तुम्ही काय करताय?” बाई किंचाळल्या.

“कोण जाणे, मॅडम. आपोआप झालं.”

हा गोंधळ झाला आणि शर्वरी पुढला चरण विसरली. शिष्य अडखळला की गुरूने उचलून द्यायचे, हा माझा जन्माचा नेम. माझे भान सुटले, आणि खिडकीत तोंड घालून मी गर्जना केली, “नियुक्तिश्च निदेशनम्!”

सुर्व्यांनी ते दोनदा म्हटले.

मला आत बोलावण्यात आले. सुर्वे उभे राहून पाया पडले, त्याने प्रकरण अधिकच चिघळले.

“आपण कोण?” बाईंनी चष्म्यावरून विचारले.

“मी या मुलांचा... संदर्भग्रंथ.”

मग मी सारे सांगितले. अनुष्टुभ्, रिकामा चरण, शिऱ्याचा वास. “दोष माझा आहे बाई, मुलांचा नाही. तो शब्द निव्वळ भरतीचा आहे. त्यास काही अर्थ नाही.”

“म्हणजे हिचं उत्तर चूक,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी लेखणी उचलली. शर्वरीच्या डोळ्यांत तो मांगर पेट्यांनी भरत चाललेला मला स्पष्ट दिसला.

“मॅडम, थांबा,” ती एकाएकी म्हणाली. “मी माझ्या शब्दांत सांगू? आमच्या आळीत सत्यनारायण असतो ना, तर कथेला आजोबा आणि झोपलेले दोघे असतात. आरतीला थोडी माणसं येतात. प्रसादाला सगळी आळी! पावसला आमच्या बागेत पण तसंच. आंबा काढायचं नियोजन बाबांचं, नियंत्रण बाबांचं, ओरडणं पण बाबांचंच. मजुरी शेजारच्या बागेत तेवढीच मिळते. तरी गडी आमच्याकडे थांबतात, कारण दुपारी आई घावणे घालते आणि कुणी किती खाल्ले ते बघत नाही. पुस्तकात त्याला मोटिव्हेशन म्हणतात. ते त्यांनी डायरेक्टिंगच्या पोटात घातलंय. आमची आई ते गड्यांच्या पोटात घालते. म्हणून कामं पाचच, मॅडम. पण प्रसाद नसला तर ती करायला माणूस उरत नाही.”

बाईंनी लेखणी खाली ठेवली. मग त्या सुर्व्यांकडे वळून हळूच म्हणाल्या, “सर, सकाळपासून मलाही तुमच्या कॉलेजनं चहासुद्धा विचारलेला नाही.”

शर्वरी उत्तम गुणांनी सुटली. मांगर तिचा झाला. आमरसाची ताटे ठरल्या खिडकीखाली वाळू लागली, आणि मी कौतुकाने तिचा कारभार पाहण्यास गेलो. भिंतीवर तिने कोण कोणाच्या हाताखाली, याचा मोठा तक्ता लावला होता. सर्वांत वर शर्वरी, तिच्याखाली तिची आई, आजी, मग गडीमाणसे, आणि या सर्वांना जोडणाऱ्या रेघा. एका कोपऱ्यात एकटीच चौकट होती आणि तिच्यात माझे नाव. तिच्यातून वर वा खाली एकही रेघ जात नव्हती.

“अगो, मी कोणाच्या हाताखाली?”

“कोणाच्याच नाही, आजोबा.”

“आणि माझ्या हाताखाली?”

“कोणीच नाही. आज्जीची सक्त ताकीद आहे.”

“मग मी इथे कशास?”

ती जराशी घुटमळली. “तो कोपरा रिकामा दिसत होता, आजोबा.”

च, वै, तु, हि यांची मी जन्मभर थट्टा केली. सध्या आमच्या आस्थापनेत ते पद मीच भूषवीत आहे.