एका सुईला एक भ्वॉक

आमच्या वॉर्डातल्या खेळाच्या पेटीतून रोज काहीतरी कमी होतं. कधी ठोकळा, कधी बाहुलीचा बूट. लुडोचा एक फासा तर शेवटी एका पोराच्या एक्स-रेमध्ये सापडला. (पोरगा मजेत होता. रडत मी होते!) वाढतात ते फक्त किस्से. मी ते रद्दीतल्या केसपेपरांच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवते. आता बॅगेत डब्याला जागा उरली नाही, म्हणून म्हटलं, चला, थोडे तुमच्याही पानात वाढू.

गडचिरोलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात, मी खेळताई आहे. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि इथे लागले. घरचे विचारतात, "म्हणजे दिवसभर करते तरी काय?" खेळते! दुखणाऱ्या पोरांशी, आणि पोरांपेक्षा जास्त घाबरलेल्या त्यांच्या आईबापांशी.

फक्त एक अडचण आहे. सगळ्या वॉर्डात सगळ्यात भित्री मीच आहे.

*

पहिल्या दिवशी मी टेबलावर चित्रं मांडून बसले होते. मागे कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. ठण्ण! पुढचं मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी टेबलाखाली होते आणि माझ्या तोंडात खडू होता.

सकाळपासून रडणारी तीन पोरं रडायची थांबली होती. आमच्या इन्चार्ज, त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात, कमरेवर हात ठेवून वाकल्या.

"बाई, तुमी पोट्ट्यायचं भेव घालवाले आल्या, का आमाले भेव लावाले?"

मग जो हशा पिकला! आया हसल्या, पोरं हसली, सलाईन लावलेली हसली. मी कशीबशी म्हटलं, "मी राजुऱ्याची आहे, मला आवाजाची सवय नाही..."

"राजुऱ्याची? अवं, तिकडं तर खाणीत रोज ब्लास्टिंग होते!"

सगळा वॉर्ड हसत होता, फक्त बेड नंबर नऊ सोडून. तिथे मैनी होती. सात-आठ वर्षांची, आतल्या जंगलातल्या गावची. हिवाळ्यात शेकोटीत पडली आणि उजवा हात भाजला. कातडी भरून आली होती, पण मूठ उघडत नव्हती. डॉक्टरांनी मला त्याच दिवशी समजावलं, "बोटं अजून जाम झालेली नाहीत. भीतीनं आवळून धरलीयत. आता उघडली तर उघडली, नाहीतर आखडतील. मग नागपूरला ऑपरेशन, आणि पुढे किती हलतील ते सांगता येत नाही."

तिचा बाप मराठी मोजकंच बोलायचा. त्यानं मला एकच गोष्ट विचारली. "बाई, महिन्याभरानं मोहा पडते. ही येचन का?"

मोहफूल वेचायला पाचही बोटं लागतात. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

*

समीक्षाची ओळख करून द्यायलाच हवी. अकरा वर्षांची, सिंदेवाहीकडची, सिकलसेलमुळे वर्षातून चारदा येणारी. वॉर्ड तिचाच आहे, आम्ही आपले नोकरीला.

सुईची भीती जावी म्हणून आम्ही पोरांना बाहुली आणि बिनसुईची सिरिंज देतो. आधी त्यांनी बाहुलीला टोचायचं, मग सिस्टरनी त्यांना. एकदा समीक्षाला बाहुली मिळाली नाही, म्हणून तिनं शेजारच्या बेडजवळचा एक बाप पकडला. चांगला सहा फुटी गडी, पोराला टायफॉईड म्हणून आलेला.

"काका, बाही वर करा. मुंगी चावल्यावानी लागन."

"अवं, याले सुईच नाई," तो हसत म्हणाला.

"मग भेता काऊन? डोळे मिटा. लंबा श्वास घ्या."

तिनं कापूस फिरवला. स्पिरिटचा वास आला. तिनं बिनसुईची सिरिंज दंडाला टेकवली, आणि काका स्टुलावरून सरळ खाली!

आम्ही धावलो. पाणी मारलं. समीक्षानं त्यांची नाडी धरली, छताकडे पाहिलं आणि मोठ्या सिस्टरांना सांगितलं, "याले भरती करा. आन् याच्या पोराले सुट्टी द्या, तो चांगला आहे."

*

वॉर्डात एक एस.टी. चालते. चाकांचा सलाईन-स्टँड पुढे, मागे दोनदोन खुर्च्या. सलाईन ज्याला तो ड्रायव्हर. समीक्षा कंडक्टर.

एकदा डॉक्टर राऊंडला आले आणि गंमत म्हणून पुढच्या खुर्चीवर बसले. समीक्षानं बेल मारली.

"उठा जी, सर. ही सीट सलाईनवाल्यायची आहे."

"मी डॉक्टर आहे अगं!"

"म्हणूनच म्हणते. तुमाले काय झालं?"

डॉक्टरांनी अर्धा राऊंड दांड्याला धरून उभ्यानं केला.

त्याच गाडीची दुसरी फेरी. कोरपन्याकडची एक आई होती, लेकराच्या किडनीच्या दुखण्यानं तीन आठवडे इथेच. कापसाच्या वेचणीतून उठून आली होती ती. कुणाशी बोलायची नाही. त्या दुपारी पिशवी उचलून आली आणि शेवटच्या खुर्चीवर बसली. पोरांना वाटलं, रागावणार.

समीक्षानं विचारलं, "कुठी जाता?"

बाई म्हणाली, "घरी."

ड्रायव्हरनं तोंडातली घरघर बंद केली. आता काय बोलावं? एवढं शिकले, पण याचा धडा नव्हता.

समीक्षानं तिकीट फाडून दिलं. "बसा, मावशी. घर आखरी स्टॉप आहे. सारे तिथीच उतरतात. डरायवर, हाण!"

बाई त्यानंतर रोज यायची. खिडकीची जागा तिची.

*

आता माझी एक चूक सांगते. ही लपवली तर बाकीचे किस्से खोटे ठरतील.

दुपारी सगळे आईबाप खाटांखाली हताश बसलेले असायचे. मी फरशीवर खडूनं अष्टचंगचा पट आखला आणि घासलेले चिंचोके ठेवले. दोन दिवसांत तिथे जत्रा! मैनीच्या बापाला भाषेची अडचण, पण पटावर त्याला भाषा लागत नव्हती. तो एकेकाला असा मारायचा की विचारू नका. मोठ्या सिस्टर ओरडल्या, "हा दवाखाना आहे का चावडी?" आणि दहा मिनिटांनी त्याच मागून कुजबुजत होत्या, "ते नोका घेऊ, ते घर मरते. इकडून घ्या."

मैनी बापाच्या मांडीवर बसून डाव्या हातानं चिंचोके टाकू लागली. पहिल्यांदाच ती खेळात आली होती. मला वाटलं, हाच मोका! मी म्हटलं, "मैनी, आता उजव्या हातानं टाक ना. बघ, तुझी सोंगटी जिंकेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. चिंचोके खाली ठेवले. म्हणाली, "हिल्ले."

गोंडीत हिल्ले म्हणजे नाही. ती उठली, बेडवर गेली, भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस पटाजवळ आली नाही.

फिजिओवाले सर रोज यायचे. त्यांनाही ती हिल्लेच म्हणायची. मी त्यांच्यापुढे रडकुंडीला आले. ते म्हणाले, "ताई, खेळात औषध लपवलं की पोट्ट्यायले वास येते. माझ्याजवळ औषध आहेच. तुमी नुसतं खेळा ना."

कॉलेजात दोन वर्षं शिकले. हे त्यांनी जिन्यात उभं राहून दोन वाक्यांत शिकवलं.

*

दरम्यान पोरांना नवाच खेळ सापडला होता. मी!

दाराआडून "भ्वॉक!" मी किंचाळते. पलंगाखालून पाय धरला, मी उडते. आठवडाभरात माझ्या हातून चहाचे तीन कप गेले. एके दिवशी मी स्टाफरूममध्ये जाऊन आईला फोन लावला, "मी नोकरी सोडते." आई म्हणाली, "अगं, लहानपणी कुकरच्या शिट्टीला पण दचकायचीस. कुठं कुठं सोडशील?"

बाहेर आले तर समीक्षा भिंतीवर कागद चिकटवत होती. शेजारी मोठ्या सिस्टर गोंदाची बाटली धरून!

"ताईले कोणीबी कवाबी भेववाचं नाई," समीक्षानं जाहीर केलं. "ज्यानं हात न झटकता सुई घेतली, त्यालेच चानस. एका सुईला एक भ्वॉक."

मी म्हटलं, "अगं, मला कुणी विचारलं का?"

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बाई, आज सकाळी सात सुया झाल्या. एकाबी पोट्ट्याले धरा लागलं नाई. तुमी दचका. बाकीचं आमी पाहून घेऊ."

मग काय! ज्या पोराला टोचायला चार जण लागायचे, ते दंड पुढे करून म्हणायला लागलं, "सिस्टर, लवकर टोचा, ताई जेवाले जाईन!" मी एकदा दमून खोटं खोटं दचकले. लगेच तक्रार गेली. समीक्षानं माझा चेहरा तपासला. "हे डुप्लिकेट होतं. त्याले परत द्या."

डॉक्टरांनी विचारलं, "ही पद्धत कोणत्या कॉलेजात शिकवतात?" मी सांगणार होते, पण मागून कुणीतरी "भ्वॉक!" केलं.

त्या कागदावर एकाच नावापुढे सगळ्या रेघा शिल्लक होत्या. मैनी. ती सुईला रडायचीच नाही, नुसती छताकडे बघायची. समीक्षा रोज तिला सांगायची, "मैने, तुये अकरा भ्वॉक बाकी आहेत. घे ना वं एखादा." मैनी हाताची मूठ फ्रॉकमध्ये लपवायची.

मी काही म्हणायचे नाही. शिकले होते ना.

*

आणि मग तो शुक्रवार.

नागपूरला जाणारी गाडी सोमवारी होती. डॉक्टर राऊंडला आले ते नागपूरच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी घेऊनच. खाकी पाकिटात. मैनीचा बाप उभा राहिला. डॉक्टर त्याला हळूहळू समजावत होते, "इथं जेवढं होतं तेवढं केलं, भाऊ. तिकडं मोठे डॉक्टर आहेत." बापानं मान डोलावली, पण बघत होता खिडकीबाहेर. आवारातल्या झाडांची पानं गळून गेली होती. मोह पडायला आठवडा, फार तर दहा दिवस.

मला ते बघवेना. मी पाठ फिरवली आणि खाली बसून ठोकळे पुसायला लागले. एकेक ठोकळा दोनदोनदा.

फट्ट!

कानामागे. अगदी कानामागे! मी ओरडले ती अशी की खालच्या ओपीडीतून माणसं वर आली. ठोकळे चहूकडे उडाले. एक डॉक्टरांच्या चष्म्याला लागला.

मी वळले. मागे मैनी उभी होती. डाव्या मुठीत कागदी पिशवीचं तोंड धरलेलं, फुटाण्यांची पिशवी असावी, तळ फाटून लोंबत होता. आणि उजवा हात...

कुणीच हसलं नाही. एवढ्या मोठ्या दचकण्यावर वॉर्डात पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. मोठ्या सिस्टर हातातली ट्रॉली सोडून तशाच उभ्या. फिजिओवाले सर दारात होते, ते दारातच राहिले.

मैनी कुणाकडेच बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला इतकं हसू येत होतं की ते तोंडावर हात दाबूनही आवरेना. उजवा हात. करंगळी थोडी वाकडी, बाकीची चार गालावर पसरलेली.

डॉक्टर गुडघ्यांवर बसले. "मैनी, दाखव बरं हात."

"हिल्ले!" तिनं हात झटकन पाठीमागे नेला. मग समीक्षाकडे वळून, तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकली नव्हती अशा मराठीत म्हणाली, "धा बाकी."

समीक्षानं खिशातून पेन्सिल काढली, कागदाजवळ गेली आणि एक रेघ खोडली. "बरोबर. धा."

बाप पुढे आला. त्यानं ती फाटकी पिशवी मैनीच्या हातातून घेतली, गुडघ्यावर ठेवून तळव्यानं सपाट केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

डॉक्टर अजून गुडघ्यांवरच होते. त्यांनी चष्मा नीट केला. हातातलं खाकी पाकीट उघडलं, आतली चिठ्ठी काढून ॲप्रनच्या खिशात कोंबली. मग पाकिटाच्या तोंडाला ओठ लावले, गाल फुगवून फुगवून हवा भरली, तोंड पिळलं आणि पाकीट मैनीसमोर धरलं.

"ताई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही जरा तिकडं तोंड करा."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे काय होणार ते मला माहीत होतं. या वेळी दचकायचं नाही, असं अगदी पक्कं ठरवलं होतं.

नाही जमलं!