तीन मीटरची अचूकता आणि आत्याचं वावर

गेल्या महिन्यात आमच्या घरात नवा फोन आला आणि त्या दिवसापासून आमचे प्रशांतराव कुठे आहेत हे त्यांना स्वतःला कळायला लागलं. त्याआधीचा अठरा वर्षांचा संसार अंदाजानंच चालला होता. हा फोन म्हणे एकाच वेळी दोन लहरींवर उपग्रह पकडतो, त्यामुळे जागा दाखवण्यात चूक फार तर तीन मीटरची. पहिल्याच रविवारी त्यांनी गच्चीवर, अंगणात, तुळशीपाशी आणि शेवटी न्हाणीत उभं राहून मोजमापं घेतली. न्हाणीत चूक नऊ मीटरवर गेली, म्हणजे फोनच्या मते माझा नवरा शेजारच्या काकूंच्या न्हाणीत उभा होता. मी म्हटलं, हे तेवढं कोणाला सांगू नका. त्यांनी अंगणातलं मोजमाप फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, खाली "Accuracy 3 m" आणि दोन झेंडे.

त्या फोटोमुळेच हा प्रवास घडला. माझी आत्या, सुशीलाआत्या, खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाला असते. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेल्यापासून शेती तीच पाहते. तिचा फोन आला, "रंजू, जवाईबापूच्या फोनले जागा बराबर दिसते म्हणतात. घेऊन ये न त्याइले शनिवारी. माही नोंद राह्यली."

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. हल्ली आपल्या शेतात काय पेरलंय याची नोंद शेतकऱ्यानं स्वतः फोनवरून करायची असते. ॲपमध्ये आपला गट नंबर, म्हणजे आपल्या जमिनीचा सरकारी क्रमांक, निवडायचा, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, आणि आपण खरंच त्याच शेतात उभे आहोत का हे फोन तपासतो. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि पीक दिसलं नाही तर सरकारी खरेदीला माल घेऊन जायची सोय नाही. आत्याची सगळी भिस्त त्या चार एकर पराटीवर, म्हणजे कपाशीवर. दरवर्षी ती आपल्या जुन्या फोनवर एका झटक्यात नोंद करायची. यंदा तो फोन विहिरीत पडला. शेजारपाजाऱ्यांकडे फोन आहेत, पण शेवटच्या दिवशी जो तो आपापल्या वावरात, म्हणजे शेतात. शनिवार हा शेवटचा दिवस होता.

"चाल," प्रशांतराव म्हणाले, "शनिवारी नोंद, रविवारी शेगाव. फोनची बी परीक्षा होऊन जाईन." स्वतःच्या परीक्षेचा विषय त्यांनी काढला नाही.

सकाळी सातला चिखलीहून मोटरसायकलवर निघालो. हँडलला नवा होल्डर, होल्डरमध्ये फोन, फोनला पारदर्शक पिशवी. माझ्या पाठीवर आत्यासाठी घेतलेली दोन पातळं आणि एक मिठाईचा डबा, त्यांना पारदर्शक पिशवी नव्हती. चिखली ते खामगाव रस्ता ओळखीचा आहे. आमच्या लग्नाची वरातही त्याच रस्त्यावरून गेली. तरी फोनमधली बाई "सरळ जा" म्हणाली की हे मान हलवायचे. अमडापूरला टेकडीवरच्या देवीला रस्त्यावरूनच हात जोडले, उंद्रीला चहा आणि गरम भजी घेतली, दोघांचे मिळून साठ रुपये. भजी घ्याच. पुढच्या रस्त्याला मध्ये मध्ये डांबर आहे. पाठ दुखण्याची सवय असेल तर बस बरी, पण मग गावापासून वावरापर्यंतची सोय आधी बघून ठेवा.

खामगाव सोडलं आणि फोननं हुशारी दाखवली. पिंपळगावचा सरळ रस्ता सोडून त्यानं आम्हाला डावीकडे वळायला लावलं, अकरा मिनिटं वाचतात म्हणून. मी म्हटलं, कोणाला तरी विचारू. "काऊन विचारायचं? उपग्रह वरून पाहून राह्यला न." उपग्रहाला वरून जे दिसत होतं ती पांदण होती, शेतात बैलगाडी न्यायची वाट. दोन्हीकडे बाभळी, मध्ये काळा गारा, म्हणजे चिखल. पहिल्या शंभर पावलांत चाक रुतलं. मी उतरले, साडी खोचली आणि ढकलायला लागले. फोन म्हणत होता, सरळ जा.

बाभळीखाली एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. ती शांतपणे बघत राहिली, आम्ही पुरते घाम गाळेपर्यंत.

"फोनवाले का?" तिनं विचारलं.

"हाव, मावशी," मी म्हटलं.

"सकायपासून तुमी तिसरे. त्या पोरायची तं कार होती, ट्रॅक्टर आणा लागला." मग प्रशांतरावांकडे बघून म्हणाली, "रस्ता खराच हाय हा, दादा. पण चैतात."

म्हणजे फोन खोटं बोलत नव्हता. तो फक्त सहा महिने लवकर आला होता. अकरा मिनिटं वाचवण्यात आमचा सव्वा तास गेला आणि माझ्या चपलेचा एक पट्टा त्या पांदणीतच राहिला. वाचकहो, खामगावहून मुख्य रस्ता सोडू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

आत्याकडे पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. तिनं आमच्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे पाहिलं, काय झालं ते ओळखलं, आणि म्हणाली, "बरं झालं, जवाईबापूनं शेतं पाह्यली वाटेनं." आमच्याकडे जावयाला तू चुकलास असं कोणी म्हणत नाही. तशी रीतच आहे. त्यामुळे जावई आयुष्यभर बरोबर राहतो आणि त्याची भरपाई बायको करते. हात-पाय धुतले, चहा झाला, आणि लगेच वावरात गेलो.

पराटी छान होती. कमरेइतकी, बोंडं भरलेली. आत्या तिच्या कडेनं चालत होती आणि जाताना पानं उलटून पाहत होती. पलीकडे धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, आणि धुऱ्यापलीकडे पिवळं पडलेलं सोयाबीन. ते रहीमचाचांचं. चाचा धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली विळ्याला धार लावत बसले होते. आत्याची न् त्यांची शेजारकी ती सून म्हणून आली तेव्हापासूनची.

प्रशांतरावांनी ॲप उघडलं, आत्याचा गट नंबर टाकला, फोन पराटीसमोर धरला. लाल अक्षरात आलं, तुम्ही निवडलेल्या गटाच्या बाहेर आहात. त्यांनी फोन बंद करून चालू केला. पुन्हा तेच. मग ते वावराच्या मधोमध गेले, उत्तरेला गेले, फोन डोक्यावर धरून गोल फिरले. पराटीतून नुसता एक हात आणि एक फोन फिरताना दिसत होता. आत्या कडेवरून ओरडली, "होत नाही का, जवाईबापू? आज नाही झालं तं माहा कापूस कुठं नेऊ मी?"

शेवटी त्यांनी नकाशा मोठा करून पाहिला. मी त्यांचा चेहरा ओळखते. कोड्याचं उत्तर सापडलं की त्यांना दम निघत नाही, मग समोर कोण आहे हेही दिसत नाही.

"आत्या," ते मोठ्यानं म्हणाले, "फोन बराबर हाय. हे वावर तुमचं नाहीच. तुमचा गट तो पलीकडचा, सोयाबीनवाला. तुमी इतकी वर्सं दुसऱ्याच्या वावरात पराटी लावून राह्यल्या."

विळ्याची धार थांबली. मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं, मग ती जमीन कोणाच्याही गटात असो.

रहीमचाचा उठले, सावकाश आमच्यापर्यंत आले. "जवाईबापू," ते म्हणाले, "मले माहीत हाय. वहिनीले बी माहीत हाय. तुमच्या फोनलेच आज समजलं."

मग त्यांनी सांगितलं. आत्याचे सासरे आणि चाचांचे वडील यांनी ही दोन वावरं बदलून घेतली होती. आत्याच्या सासऱ्यांची बाकीची जमीन इकडे, चाचांच्या वडलांची तिकडे, आणि कागदावरचे तुकडे मात्र उलटे. दोघांनाही दुसऱ्याच्या पिकातून बैल न्यावे लागायचे. म्हणून या लिंबाखाली चार माणसांदेखत बोलणं झालं, तुझं ते माझं, माझं ते तुझं. कागद केला नाही. तेव्हापासून धुरा चार बोटंही हलला नाही. आणि दरवर्षी नोंद व्हायची, कारण आत्याचा जुना फोन इतका ढोबळ होता की त्याला धुऱ्याच्या अलीकडचं पलीकडचं कळायचंच नाही. चाचांची नोंद त्यांच्या मुलानं सुट्टीत आला तेव्हा तशाच ढोबळ फोनवर करून टाकली आणि तो फोन घेऊन पुण्याला परत गेला. चाचांजवळ बटणांचा फोन.

"मंग सोपं हाय," प्रशांतराव म्हणाले. ओशाळले होते, पण हिशेब सुटत नव्हता. "आत्यानं पलीकडं उभं राह्यचं अन् इकडं तोंड करून पराटीचा फोटो काढायचा." ते धुऱ्यावर जाऊन उभे राहिले. लाल अक्षरं. नकाशातली रेघ धुऱ्यावर नव्हती, सोयाबीनच्या आत पंधरा-वीस पावलं होती. जुना फोन असता तर एवढं पोटात घातलं असतं.

"जा न आत," चाचा म्हणाले. "जा, वहिनी."

आत्या जागची हलली नाही. पिकायला आलेलं सोयाबीन होतं. पाय लागला की खालच्या वाळलेल्या शेंगा तडकतात, दाणे मातीत जातात. "मी नाही टाकत पाय," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पिकात मी कधी पाय नाही टाकला."

सरकारी कागदावर ती जमीन तिची होती. तिच्या नावाची. आणि ती धुऱ्यावर चपला हातात घेऊन उभी होती, दुसऱ्याच्या शेंगा फुटतील म्हणून. मला प्रशांतरावांचा इतका राग आला की मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

चाचांनी विळा घेतला आणि वाकले. धुऱ्यापासून आत, एका माणसाच्या रुंदीची वाट त्यांनी कापत नेली. पिकाला अजून आठ दिवस पाहिजे होते हे मलाही दिसत होतं. आत्या त्यांच्या मागून कापलेली झाडं कवेत घेऊन धुऱ्यावर आणून ठेवत होती, एकही शेंग खाली राहू नये म्हणून. वीस पावलं झाली तेव्हा चाचा थांबले, कंबर धरली आणि म्हणाले, "पाहा आता."

आत्या त्या वाटेत जाऊन उभी राहिली. प्रशांतरावांनी तिच्या शेजारून पराटीचा फोटो काढला. हिरवी अक्षरं आली, नोंद झाली.

"पाह्यलं? तीन मीटर," प्रशांतराव म्हणाले.

"हाव, जवाईबापू," आत्या म्हणाली.

मुक्काम तिच्याकडेच केला. वांग्याची भाजी, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, ठेचा, आणि जावयासाठी वेगळा शिरा. शिरा मी मुद्दाम अर्धा खाल्ला.

रविवारी सकाळी शेगाव. पिंपळगावहून खामगाव आणि तिथून पुढे, रस्ता चांगला. रविवारी दर्शनाला वेळ लागतो, सकाळी लवकर पोचा. चपला ठेवायची सोय नीट आहे. माझी एकच धड होती, तरी त्यांनी जोडी म्हणून घेतली. कचोरी स्टेशनजवळ खाल्ली. फोन आम्हाला त्या दुकानाकडे तीनशे मीटरवरून नेत होता आणि वास आम्हाला आधीच घेऊन पोचला होता. दोघांचा दोन दिवसांचा खर्च पेट्रोल, खाणं, प्रसाद धरून आठशेच्या आत. चपला वेगळ्या.

दुपारी घरी आलो. प्रशांतरावांनी फोनला पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, शेतातही उत्तम चालतो. खरंच आहे ते, मी नाही म्हणत नाही. फोन कुठंच चुकला नव्हता. पांदण होती, गट पलीकडचा होता, रेघही कागदावर होती तिथंच होती. मला या प्रवासातून बाकी काही नाही, आत्याची नोंद वेळेत झाली एवढंच पुरे, असं मी दहा-बारा दिवस स्वतःला सांगत होते.

मग परवा आत्याचा फोन आला. कापूस वेचायला आलाय, पहिली वेचणी चांगली आहे, वगैरे. मग म्हणाली, "रहीमभाऊ आला होता सकाळी. म्हणे, वहिनी, आपुन त्या वावरायचा कागद करून घेऊ. आपल्या मागं पोरं अन् फोनच राह्यतीन."

"चांगलंच आहे की आत्या," मी म्हटलं. "कधीतरी करायलाच पाहिजे होतं."

"हाव, चांगलंच हाय. मी बी हाव म्हटलं." ती म्हणाली. "पण अंगणातच उभा राह्यला वं तो. मी चहा ठेवला होता, तं म्हणे नको, घाई हाय. या घरात आल्यापासून पाहून राह्यली मी, रहीमभाऊ कधी चहा न घेता गेला नव्हता."