काचेवरचा न सुकलेला थेंब

आत्याचा राग कारखान्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता. सकाळी ती दार ढकलून आत आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि काहीच बोलली नाही, की सुतार एकमेकांकडे बघून मुकाट्यानं कामाला लागायचे. लाकडाला तेल देणं हे तिचं काम. तीस वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा त्याचं फडकं तिनं हातात घेतलं, ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही. ती नक्की कोणाची आत्या होती देव जाणे, पण मालकापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे, आणि तिच्याच हाताखाली घासकाम करणारी तिची सून तिला आत्याबाई म्हणायची.

तिचा सगळ्यात मोठा राग चकाकीवर. गिऱ्हाईक यायचं, टेबलात वाकून स्वतःचं तोंड दिसतंय का बघायचं आणि खूश व्हायचं. "तोंडच बघायचंय तर आरसा घ्या की," असं ती त्याला सरळ ऐकवायची आणि मालक कपाळाला हात लावायचा. चांगल्या सागवानावर डब्यातलं प्लास्टिक ओतायचं आणि त्याला पॉलिश म्हणायचं, ही तिच्या मते शुद्ध बनवाबनवी होती. तिचं तेल म्हणजे जवसाचं. घाण्यावर काढलेलं, बरण्यांत भरून तीन-चार महिने उन्हात ठेवलेलं, निवळून फिकं झालेलं. त्याचा पातळ हात द्यायचा, मुरू द्यायचा, वर उरेल ते पुसून काढायचं, पुरतं वाळू द्यायचं आणि मग दुसरा हात. असे पाच. एवढा दम आता कोणाला आहे? वर्षाकाठी अशी दोन कामं आली तर आली, बाकीचे दिवस ती स्प्रे मारणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडत पॉलिश पेपर घासायची.

अशात एक दिवस अंध मुलांच्या शाळेतल्या बाई आल्या. त्यांना स्वतःलाही दिसत नव्हतं. मालकानं नमुन्याच्या फळ्या पुढ्यात मांडल्या आणि आपलं नेहमीचं पुराण सुरू केलं. बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एकेका फळीवरून तळवा फिरवला. "ही काच आहे," म्हणाल्या. "हीपण काचच." शेवटच्या फळीवर त्यांचा हात थांबला. मग तो रेषांच्या बाजूनं सावकाश खाली गेला आणि परत वर आला.

"हे लाकूड आहे. कोणी केलंय?"

तीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. टेबल सुताराचं असतं, दुकान मालकाचं असतं, तेल कोणी दिलं याची चौकशी कोण करतो? आत्या पुढं आली आणि उगाचच रागानं म्हणाली, "मी केलंय. का?"

बाई हसल्या. त्यांना बारा मुलांसाठी एक लांब टेबल हवं होतं. मुलं दिवसभर त्याच्यावर हात ठेवून वाचणार. "त्यांचं सगळं वाचन बोटांत आहे. बोटाला काही लागता कामा नये," एवढीच त्यांची अट. टेबल सोमवारी शाळा उघडायच्या आत पोचायला हवं होतं. त्याला तीन आठवडे होते. घरी गेल्यावर आत्यानं ही हकीकत सुनेला, ती तिथंच होती तरी, दोनदा सांगितली, आणि मधेमधे भांडी नीट न घासल्याबद्दल तिला झापलंही. सुनेनं ओळखलं की स्वारी भलतीच खुशीत आहे.

आत्याच्या बरण्या नेमक्या संपल्या होत्या. ती घाणेवाल्याकडे गेली. वीस वर्षांचा घरोबा. तो तिच्यासाठी निवळलेलं जवस वेगळं काढून ठेवायचा आणि मागच्या खोलीत तऱ्हेतऱ्हेच्या तेलांच्या बिननावाच्या कॅन ओळीनं मांडलेल्या असायच्या. पद्धत ठरलेली होती. झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि आपली कॅन आपण उचलायची. आत्यानं दुसरी कॅन उघडली, नाक जवळ नेलं, मान डोलावली आणि कॅन उचलली.

आता खरी गोष्ट सांगायलाच हवी. आत्याला वास येत नव्हता. आदल्या वर्षी पंधरा दिवस तापानं तिला अंथरुणात पाडलं होतं. ताप गेला तो वास घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल करत वर्ष उलटलं. आत्यानं हे कोणालाही सांगितलं नाही, मुलालाही नाही. मालकाच्या कानावर गेलं असतं तर त्यानं गोड बोलून तिला घरी बसवलं असतं, हे ती ओळखून होती. म्हणून ती प्रत्येक कॅनला नाक लावायची, मान डोलवायची आणि कोणी बघतंय का ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची.

कारखान्याच्या मागच्या खिडकीची एक काच होती. नवीन तेल आलं की त्याचा एक थेंब त्या काचेवर पसरायचा आणि बाजूला पेननं तारीख लिहायची. चांगलं जवस असेल तर चार-पाच दिवसांत त्यावर साय धरल्यासारखी साल येते, बोट लावलं तरी उमटत नाही. आत्यानंच हे सुनेला शिकवलं होतं, पण शिकाऊ माणसासाठी म्हणून. स्वतः ती त्या काचेकडे ढुंकून बघायची नाही. आणि आता तर बघणं शक्यच नव्हतं. काचेकडे बघायचं म्हणजे नाक गेलं हे कबूल करायचं.

सुनेनं थेंब लावला आणि तिथंच थबकली.

"आत्याबाई, याला खायच्या तेलासारखा वास येतोय."

"तू मला वास शिकवणार?" आत्या कडाडली. "तुझ्या जन्माच्या आधीपासून तेल हुंगतेय मी. घासकाम कर गप्प."

सून घासकामाला लागली. गप्प बसणं तिला जमत होतं, पण विसरणं जमत नव्हतं. सहाव्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, "थेंब अजून ओला आहे. फडकीपण बघा ना. आपली फडकी वाळून कडक होतात, ही अजून मऊ आहेत."

"हवा दमट आहे," आत्या म्हणाली. आकाश कोरडं ठणठणीत होतं. सुतारानं करून दिलेल्या टेबलाला आत्यानं तिसरा हात दिला. हात देताना ती सुनेला, हवेला आणि सुताराला, ज्याला दिसेल त्याला बोलत होती. आधीचा हात वाळलाय का, हे मात्र तिनं तळवा लावून बघितलं नाही.

सोमवार तीन दिवसांवर आला तेव्हा, शुक्रवारी सकाळी, तिनं टेबलावर तळवा ठेवला आणि उचलला. तळवा चिकटत उचलला गेला. सबंध टेबल, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चिकट.

आत्या तशीच चपला घालून तडक घाणेवाल्याकडे गेली. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्या देखत तिनं त्याचं तोंड बंद केलं. भेसळ करतोस, म्हणाली. वीस वर्षांच्या विश्वासाला तू चुना लावलास, म्हणाली. पोरांच्या बोटांना चिकटणारं तेल विकतोस, लाज कशी वाटत नाही, म्हणाली. घाणेवाला पांढराफटक पडला.

"आत्या, कॅन तुम्ही उघडलीत, वास तुम्ही घेतलात आणि उचललीतही तुम्हीच," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमची जवसाची कॅन अजून मागं तशीच आहे. मला वाटलं तुम्ही नंतर न्याल. तुम्ही नेलेली कॅन इथं घेऊन या. काय आहे ते सगळ्यांसमोर बघू."

आत्या आणखी मोठ्यानं बोलली आणि निघून आली.

कारखान्यात पोचली तर बाई आलेल्या. टेबल एकदा हातानं बघून जावं म्हणून आल्या होत्या. त्यांचा पंजा टेबलावर होता आणि सून शेजारी खाली मान घालून उभी होती. बाईंनी हात उचलला, बोटं नाकाशी नेली.

"शेंगदाण्याचं तेल आहे हे," त्या म्हणाल्या.

"घाणेवाल्यानं फसवलं," आत्या म्हणाली. "मी आत्ताच त्याला सोलून आलेय."

"पण अख्खी खोली शेंगदाण्याच्या वासानं भरलीय. दारातून आत येताच मला कळलं." बाईंनी बोटं रुमालाला पुसली. "कधीपासून येत नाही तुम्हाला वास?"

आत्याचा राग आधी डोक्यात गेला. ही कोण मला विचारणारी, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण समोरच्या बाई तिच्याकडे बघत नव्हत्या, बघू शकत नव्हत्या, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासमोर नाटक कोणासाठी करायचं?

"गेल्या वर्षी ताप आला होता तेव्हापासून," ती म्हणाली. आणि मग सुनेकडे वळून, "आता तू रडायला लागू नकोस. मला तुझा राग येतो." सून रडत नव्हती. डोळे आत्याचेच भरले होते.

बाईंनी टेबल नको असं म्हटलं नाही, पण गोडही बोलल्या नाहीत. "सोमवारी मुलं जमिनीवर बसतील. त्यांना मी कारण खरं सांगणार. एक महिना देते," म्हणाल्या आणि काठी घेऊन निघाल्या.

टेबल टर्पेंटाइननं तीनदा धुवायला, खरवडायला आणि कोरं लाकूड लागेपर्यंत घासायला दोघींना नऊ दिवस लागले. त्याआधी, त्याच शुक्रवारी दुपारी, आत्या सुनेला घेऊन घाणेवाल्याकडे गेली. सकाळची दोन गिऱ्हाइकं तेल निघायची वाट बघत अजून होती, हे बरंच झालं. त्यांच्या देखत ती म्हणाली, "चूक माझी. तेल तुझं चांगलं होतं. माझं नाक गेलंय." घाणेवाल्यानं मागच्या खोलीचं दार उघडलं.

आत्यानं कॅनचं झाकण काढलं आणि सुनेच्या पुढं धरलं.

"घे वास. काय येतंय?"

"जवस आहे, आत्याबाई."

"ते मलाही माहीत आहे. वास कसा येतोय ते सांग."

सुनेनं डोळे मिटले. "कच्चा. ओलं गवत कापल्यावर येतो तसा."

"आणि?"

"आणि मागून थोडा कडवट."

"थोडा म्हणजे किती? नीट सांग," आत्या खेकसली. तिनं कॅनची कड घट्ट धरली होती आणि तीही डोळे मिटून ऐकत होती. सुनेनं पुन्हा वास घेतला आणि पहिल्यापासून सांगायला लागली.